वाहनाचें अंतरंग

गेल्या उन्हाळ्यांत, चैत्र संपत आला असतां, पारनेर तालुक्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वस्तीवर जाण्याचा प्रसंग आला. हा विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. शेती करतो, आणि स्वतःचा कांदा व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा माल आपल्या पिकप गाडींतून नगरच्या बाजारांत पोंचवितो. मीं पाहिलें तों गाडी कडुलिंबाखालीं उभी, तिचीं दोन्ही दारें सताड उघडीं, आणि आंतील प्लॅस्टिकचे भाग, म्हणजे डॅशबोर्डाचे तुकडे, दारांचीं अस्तरें, खांबांवरच्या पट्ट्या, सारे ताडपत्रीवर मांडून ठेवलेले. गृहस्थ हातांत खरकागद घेऊन दाराचें एक अस्तर घांशीत बसला होता.

"एकदां रंग देऊन झाला आहे, सर," तो म्हणाला. "महिन्याभरांत कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. लोखंडाला रंग धरतो, लाकडाला धरतो. मग ह्यालाच कां धरूं नये?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. इतक्यांत ओट्यावर बसलेले एक वयोवृद्ध शेजारी हंसून म्हणाले, "रंगरंगोटी चालली आहे, म्हणजे गाडी काढायची दिसते!" त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. पुढें रस्त्यापर्यंत पोंचवावयास आला तेव्हां म्हणाला कीं, ही गाडी वडिलांनीं २०१२ सालीं कर्ज काढून घेतलेली. शेवटचा हप्ता त्यांनीं स्वतः भरला, आणि २०२१ च्या साथींत ते गेले. गाडी विकण्याचा विचार कधीं मनांतहि आला नव्हता.

परत येतांना दोन प्रश्न माझ्या डोक्यांत घोळूं लागले. पहिला त्याचा, कीं ह्या पदार्थाला रंग कां धरत नाहीं. दुसरा त्या शेजाऱ्यांच्या थट्टेंतील, कीं रंग देणें म्हणजे झांकणें कीं राखणें. पहिला रसायनशास्त्राचा दिसतो व दुसरा नीतीचा. परंतु मी पडलों इतिहासाचा अध्यापक, आणि मला असें वाटतें कीं वाहनांच्या रंगाचा इतिहास पाहिला तर दोहोंचेंहि उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें.

आपल्याकडील मूळ वाहन म्हणजे बैलगाडी. बाभळीच्या लांकडाच्या ह्या गाडीला रंगाची ओढ फारशी नव्हती. तिला हवें असे तें तेल आणि आंसाला वंगण. रंग असे तो बैलांना. पोळ्याच्या दिवशीं शिंगांस हिंगूळ लागे, त्यावर बेगड चिकटे, आणि वर्षभर राबलेलें जनावर एक दिवस राजासारखें मिरवे. तें कौतुक निर्मळ होतें. परंतु हींच शिंगें साळून व रंगवून बैल बाजारांत उभा केला म्हणजे हेतु बदले. घोडेगांव किंवा लोणी येथील जनावरांचा बाजार ज्यानें पाहिला असेल त्यास ठाऊक आहे कीं जाणता शेतकरी शिंगांकडे पाहून बैल घेत नाहीं, तोंड उघडून दांत पाहतो. 'बेगडी' हा शब्द आपल्या भाषेंत खोटेपणाचा वाचक झाला तो उगीच नव्हे. शेजाऱ्यांच्या थट्टेमागें पिढ्यान्‌पिढ्यांचा हा बाजारी अनुभव उभा होता.

रंगाच्या ह्या दुहेरी वृत्तीचा पुरावा आमच्या नगरास ह्याहून जुना आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर 'तारीफ-इ-हुसेनशाही' नांवाचें फारसी काव्य सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथील दरबारीं सचित्र लिहिलें गेलें. तें हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदीं आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्यांत सुलतानाशेजारीं राणी खुंजा हुमायून चितारलेली होती. पतीच्या मागें तिनें अल्पवयी मुलाच्या नांवानें राज्यकारभार पाहिला आणि पुढें त्याच मुलानें तिला कैदेंत टाकलें. ह्या चित्रांपैकीं बहुतेकांत राणीची आकृति मागाहून पुसून अथवा रंगानें बुजवून टाकलेली आढळते. ज्या कुंचल्यानें एका पिढींत मुखकमल रेखाटलें, त्याच्याच जातभाईनें दुसऱ्या पिढींत तें झांकलें! मात्र बुजविलेली जागा आजहि डोळ्यांस दिसते. वरचा थर आणि खालचें सत्य ह्यांचा मिलाफ न झाल्यास तो थर स्वतःच साक्षीदार होतो, हें येथें ध्यानांत ठेवावें. पुढें प्लॅस्टिकच्या संबंधांत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें येणार आहे.

आतां वाहनांच्या रंगाकडे वळूं. विलायतेंतील घोडागाड्यांना जो रंग देत त्याचा प्राण म्हणजे जवसाचें तेल. हें तेल नुसतें वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन तें घट्ट होतें आणि लांकडावर कातड्यासारखा लेप धरतें. त्यांत चंद्रस विरघळवून रोगण करीत. एकावर एक अनेक हात द्यावयाचे, प्रत्येक हात वाळूं द्यावयाचा, घांसावयाचा, पुन्हां द्यावयाचा. एक गाडी रंगून बाहेर पडण्यास आठवडेच्या आठवडे लागत. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून जवस मोठ्या प्रमाणावर विलायतेस जात असे. तेव्हां आमच्या काळ्या जमिनींतलें बीं समुद्रापार जाऊन रोगणाच्या रूपानें साहेबाच्या बग्गीवर बसून परत येत असल्यास नवल नाहीं. ह्या लांबलचक विधीचा हेतु शोभेचा होता तितकाच संरक्षणाचा होता; कारण पाणी शिरलें कीं लांकूड फुगतें आणि लोखंड गंजतें.

मोटार आली आणि ह्या धिम्या कारागिरीची गति अपुरी पडूं लागली. हेन्‌री फोर्डनें १९१३ सालीं सरकत्या सांखळीवर मोटारी जोडण्याचा प्रघात पाडला. गाडी तासांत तयार होऊं लागली, पण रंग दिवसगत लावी. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी एका काळ्या रंगांतच मिळत असे. तो काळा रंग स्वस्त पडे व टिके. पुढें पहिल्या महायुद्धानंतर ड्यूपॉं कंपनीनें 'ड्यूको' नांवाचा नवा लेप काढला. कापसावर नत्राम्लाचा संस्कार करून जो पदार्थ होतो तोच धूररहित बंदुकीच्या दारूचा पाया; त्याच कुळींतला पदार्थ ह्या रंगाचा पाया झाला. १९२३ च्या सुमारास ओकलंड गाडीवर हा रंग निळ्या छटेंत चढला, आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. युद्धाच्या दारूखान्यांतून मोटारीचे रंग निघावेत, ही विसाव्या शतकाची एक विलक्षण करणी होय. आजहि आमच्याकडील सुतार व रंगारी पिचकारीनें दिलेल्या गुळगुळीत रंगास सरसकट 'ड्यूको' म्हणतात. त्या पिचकारीचा जन्महि असाच चमत्कारिक आहे: अमेरिकेंतील डीव्हिल्बिस नांवाच्या एका वैद्यानें रुग्णांच्या घशांत औषध फवारण्याकरितां एक उपकरण काढलें, आणि त्याच्या मुलानें त्याच तत्त्वावर रंगाची पिचकारी सिद्ध केली.

येथपर्यंत वाहनाच्या बाह्यांगाची कथा झाली. अंतरंगाचें काय? ह्या बाबतींत आम्हां नगरकरांस दूर जावयास नको. १९४८ हें साल नगरच्या वाहनेतिहासांत दोन कारणांनीं संस्मरणीय आहे. त्या वर्षीं १ जून रोजीं राज्य परिवहनाची पहिली एस्. टी. पुण्याहून नगरला धांवली. लांकडी सांगाड्याची ती गाडी अंगानें निळी व माथ्यावर रुपेरी होती. निळा रंग ओळखीचा. रुपेरी रंगास मात्र ऊन परतविण्याचा गुण आहे, म्हणजे तो जितका पाहणाऱ्यासाठीं तितकाच आंत बसणाऱ्यासाठीं. त्याच वर्षीं चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र नगरास एकत्रित झालें, आणि पुढें १९९४ सालीं येथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें जाणारीं मुलें तोफा मोजतात. मला मात्र रंगांत एक धडा दिसतो. रणगाडा बाहेरून मातकट, हिरवट किंवा वाळूच्या रंगाचा असतो, कारण त्यास शत्रूपासून लपावयाचें असतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील ब्रिटिश रणगाडे आंतून रुपेरी, आणि पुढें पांढरे, रंगवीत. त्या लोखंडी गुहेंत उजेड कमी. काडतूस कोठें, कळ कोठें, जखमी सोबती कोठें, हें क्षणांत दिसावें लागतें. एकाच यंत्राचा बाहेरचा रंग झांकण्यासाठीं आणि आंतला रंग दाखविण्यासाठीं! बाहेरचा रंग जगासाठीं असतो, आंतला रंग त्यांत राबणाऱ्या माणसासाठीं असतो, हा नियम मला येथें प्रथम उमगला.

मालमोटारींचा इतिहासहि ह्या नियमास धरून आहे. पूर्वीं कारखान्यांतून नुसता सांगाडा येई, आणि चालकाची खोली गांवचे सुतार-लोहार लांकूड व पत्रा ह्यांनीं बांधीत. मग रंगारी येई. बाहेर मोर, कमळ, नांवें; आंत देवाची तसबीर बसविण्याचें कोंदण, वेलबुट्टी, आईवडिलांचा आशीर्वाद. दिवसचे दिवस जेथें काढावयाचे ती जागा घरासारखी असावी, ही त्यामागची भावना. १९५८ सालीं बजाज टेम्पो कंपनी निघाली. तिचे संस्थापक नवलमल फिरोदिया हे आमच्या नगरचेच, आणि त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे सभापति होते. जर्मनींतून आलेलें 'टेम्पो' हें नांव मराठींत इतकें रुळलें कीं कोणतीहि लहान मालगाडी म्हणजे टेम्पो, मग ती कोणाचीहि असो. १९७२ सालीं त्याच घराण्यांतील हस्तिमल फिरोदिया ह्यांच्या पुढाकारानें नगरची 'लुना' रस्त्यावर आली, आणि सामान्य माणसाच्या हातीं यंत्राचें वाहन पडलें. पुढें तयार खोलीच्या लहान मालगाड्या व पिकप गाड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर आंतील पत्र्याची व लांकडाची जागा प्लॅस्टिकनें घेतली. बाहेरच्या अंगावर रंगाऱ्याचा कुंचला राहिला. अंतरंगांतून मात्र तो निघून गेला.

तो कां निघून गेला, हें समजण्यास प्लॅस्टिकचा स्वभाव पाहिला पाहिजे. १९०७ सालीं बेकलंडनें बेकेलाइट शोधून काढलें. १९५४ मध्यें इटलींत नात्ता ह्यानें पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें, आणि त्सिग्लर व नात्ता ह्यांस त्या क्षेत्रांतील कार्याबद्दल १९६३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या नव्या द्रव्यांचें मोठें आश्वासन हेंच कीं त्यांस रंग द्यावा लागत नाहीं. रंग त्यांच्या अंगांतच कालवितां येतो. लांकडावर रंग बसतो, प्लॅस्टिकमध्यें तो मुरलेला असतो. खरचटलें तरी आंत तोच रंग. मग रंगारी हवा कशाला?

परंतु हें आश्वासन आमच्या उन्हापुढें पुरतें टिकलें नाहीं. नगर जिल्हा पर्जन्यछायेंतला. येथें ढग थोडे व ऊन फार. सूर्याचे जांभळ्यापलीकडील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब सांखळ्या हळुहळू तोडतात. पृष्ठभाग आधीं फिका पडतो, मग पिठूळ होतो, शेवटीं तडकतो. ह्यावर एक जुनाच उपाय आहे, तो म्हणजे काजळी. शेतांतील ठिबकाच्या नळ्या काळ्या असतात त्या उगीच नव्हेत. त्यांच्या द्रव्यांत शेंकडा दोन-अडीच काजळी मुद्दाम कालविलेली असते, आणि ती किरण स्वतः शोषून नळीचें आयुष्य वाढविते. फोर्डचा काळा काटकसरीसाठीं होता, हा काळा दीर्घायुष्यासाठीं. मात्र गाडीच्या अंतरंगांत राखी, बदामी अशा सौम्य छटा आल्या कीं हें संरक्षण कमी होतें, आणि दहा-बारा उन्हाळ्यांत गाडीचें तोंड उतरतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न. रंग धरण्यासाठीं त्यानें पृष्ठभागावर पसरलें पाहिजे, त्यास भिजविलें पाहिजे. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा आहे. अळवाच्या पानावर पाणी राहत नाहीं, तसा त्यावर रंग वरवर तरंगतो आणि वाळला कीं पापुद्रा होऊन सुटतो. त्यांत आमचे चालक डॅशबोर्ड चकाकावा म्हणून जें पॉलिश वर्षानुवर्षें फांसतात त्यांतील सिलिकोन तेल भर घालतें. एबीएस नांवाचें दुसरें प्लॅस्टिक रंगास बरेंच अनुकूल. पण कडक थिनर लागला तर तें विरघळूं लागतें. दोहोंतला फरक कसा ओळखावा? मीं वाचून पाहिलें तों उत्तर त्या भागांवरच कोरलेलें निघालें. मीं विद्यार्थ्यास दूरध्वनि करून म्हटलें, "अरे, ते तुकडे उलटे करून पाहा." बहुतेकांच्या पाठीवर बारीक अक्षरें होतीं: कोठें 'पीपी', कोठें 'एबीएस'. शिलालेख वाचण्यांत माझें आयुष्य गेलें. पण इतका उपयोगी लेख क्वचितच वाचण्यांत आला असेल.

मग काम क्रमानें झालें. प्रथम साबणाच्या पाण्यानें धुणें, नंतर रंगाच्या दुकानांत मिळणाऱ्या अल्कोहोलनें पुसून तेलाचा अंश काढणें. मग खरकागदानें हलक्या हातानें घांसणें, म्हणजे रंगास पाय रोंवण्यास जागा मिळते. ज्यांवर 'पीपी' होतें त्यांस आधीं एक पातळ पारदर्शक हात. ह्या लेपांत क्लोरीनचा संस्कार केलेलें पॉलिप्रॉपिलीनच असतें, म्हणून तो खालच्या द्रव्यास आप्तासारखा बिलगतो व वरच्या रंगासहि धरतो. कारखान्यांत हेंच काम पृष्ठभाग क्षणभर ज्योतीनें शेकून करतात. शेवटीं रंगाचे पातळ पातळ हात, मध्यें वाळण्यास अवधि देऊन. रंग मंद घ्यावयाचा, चकचकीत नव्हे. कारण डॅशबोर्ड चमकला तर त्याचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून चालकाचे डोळे दिपतात. रणगाड्यांत पांढरा, येथें मंद. रंग वेगळे पण न्याय एकच, आंतल्या माणसाच्या डोळ्यांचा. आणि जेथें झांकणामागें एअरबॅग असेल तें झांकण मुळींच रंगवावयाचें नाहीं. तें वेळेवर फाटलें पाहिजे, आणि तेथें रंगाच्या थराचा अडथळा नको.

ह्या सर्व क्रमांत एक गोष्ट लक्षांत येण्यासारखी आहे. ज्यास झांकावयाचें आहे तो थेट रंगानें आरंभ करतो. ज्यास राखावयाचें आहे त्याचें बहुतेक काम रंगाच्या आधींच होऊन जातें. त्यास आधीं द्रव्याची जात ओळखावी लागते, त्यावरचा मळ व खोटी चकाकी काढावी लागते, आणि कोठें हात लावूं नये हेंहि ठरवावें लागतें. पहिल्या खेपेस रंग सुटला तो त्यानें झांकण्याच्या पद्धतीनें दिला म्हणून, मग मनांतला हेतु कितीहि शुद्ध असो. हेतु शुद्ध असला म्हणजे पद्धति आपोआप शुद्ध होते असें नाहीं. हें वाहनांपुरतेंच खरें आहे असेंहि नाहीं. आमच्या शहराचें अहमदनगर हें नांव जाऊन २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. वाड्यांच्या, वेशींच्या, मशिदी-मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे बेत नित्य ऐकूं येतात. त्या कामांत चुना व रंग घेऊन धांवणाऱ्यांनीं दगडाची जात आधीं पाहावी आणि जुना लेख कोठें आहे तो आधीं वाचावा, एवढेंच माझें म्हणणें आहे. राणीच्या चित्रावर फिरलेला हात आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

दिवाळीच्या सुमारास तो विद्यार्थी कांदा घेऊन नगरास आला असतां माझ्या घरीं थांबला. पावसाळा उलटून गेला होता. मीं चष्मा लावून गाडींत डोकावून पाहिलें. रंग जागच्या जागीं होता, कडांनाहि सुटला नव्हता. मात्र चालकाच्या बाजूचें दार, जेथें कोपर टेंकतें, तेथें तळहाताएवढी जागा जुन्या राखी रंगाचीच, घांसून गुळगुळीत झालेली, तशीच राहिली होती. ही जागा राहून गेली काय, असें मीं विचारलें.

"राहिली नाहीं, सर," तो म्हणाला. "वडिलांचा हात तेथें असायचा." इतकें बोलून त्यानें दार ओढून घेतलें, कारण बाजार समितींत नंबर लावावयाचा होता.